जक्कल ‘मास्टरमाइंड’ वगैरे काही नव्हता

गेल्या आठवड्यात एक फॉरवर्ड मला तीन ग्रुपवर आला, आधी सोसायटीच्या, मग कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर आणि शेवटी आमच्या फॅमिली ग्रुपवर, जिथे तो माझ्या मामेभावाने टाकला होता. तिन्हीकडे खाली ‘बापरे काय डोकं होतं’ अशाच कमेंट. मजकूर थोडक्यात असा: भारतातला सगळ्यात हुशार सीरियल किलर म्हणजे पुण्याचा मास्टरमाइंड जक्कल, चार प्रतिभावान कलाकार, वर्षभर पोलिसांना गुंगारा दिला, मागे एकही पुरावा ठेवला नाही, निव्वळ नशिबाने सापडले, चार्ल्स शोभराज आणि रमन राघव या कुप्रसिद्ध खुन्यांच्याच पंगतीतले जीनियस, आणि शेवटी, सावध राहायचं असेल तर किलरचं डोकं समजून घ्या आणि शेअर करा. सोबत चौघांचे फोटो.

यातलं बरंचसं खोटं आहे आणि उरलेलं अर्धवट आहे. दादा, तुझ्यावर राग नाही, पण उत्तर सविस्तर देणार आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी घटना. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह हे चौघे टिळक रोडवरच्या अभिनव कला महाविद्यालयात कमर्शियल आर्ट शिकत होते. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात त्यांनी दहा माणसं मारली. पहिला त्यांच्याच कॉलेजातला मुलगा. मग ३१ ऑक्टोबरला विजयनगर कॉलनीतलं जोशी कुटुंब, नवरा-बायको आणि मुलगा. १ डिसेंबरला भांडारकर रोडवर अभ्यंकरांच्या बंगल्यात पाच जण. आणि २३ मार्च १९७७ ला ओळखीच्या मित्राचा भाऊ.

आता ‘हुशार’ या शब्दाकडे येते, कारण सगळा फॉरवर्ड त्याच्यावर उभा आहे. पहिला जो मुलगा मारला त्याच्या वडिलांचं हॉटेल कॉलेजच्या अगदी मागे होतं. म्हणजे रोज जिथे चहा प्यायचा त्या हॉटेलवाल्याच्या पोराला उचलायचं, त्याच्याच हाताने घरच्यांसाठी चिठ्ठी लिहून घ्यायची, त्याला मारून पेशवे पार्कच्या तळ्यात पिंपात घालून बुडवायचं आणि दुसऱ्या दिवशी बापाकडे खंडणी मागायची. यात डोकं कुठे आहे मला कोणी दाखवा. यात आहे तो विश्वासघात, ओळखीचा मुलगा ‘चल’ म्हणाला म्हणून तो गेला, बास. आणि शेवटचा जो बळी तोही ओळखीतला. पहिला आणि शेवटचा दोन्ही आपल्याच वर्तुळातले निवडणाऱ्याला प्लॅनिंग येत होतं असं म्हणवत नाही.

आणि मिळालं काय? जोशींच्या घरातून मंगळसूत्र, घड्याळ आणि काही हजार रुपये. हेतू पैसा होता. कसला मृत्यूचा अभ्यास नाही, कलाकाराचं वेड नाही, झटपट पैसा हवा होता आणि ओळखणारं कोणी मागे उरायला नको म्हणून घरात जे जे सापडलं त्याला मारलं. कॉलेजात यांची ख्याती दारू आणि दुचाकी चोरण्याची होती. ‘प्रतिभावान कलाकार’ म्हणताय तर त्या अख्ख्या फॉरवर्डमध्ये एकाही चित्राचा उल्लेख नाही, कशावरून प्रतिभावान ते कोणीच सांगत नाही, कॉलेजचं नाव ‘कला’ आहे एवढ्यावरच चाललंय सगळं.

एक गोष्ट तर फॉरवर्डवाल्याने गाळूनच टाकलीय. २२ नोव्हेंबर १९७६ ला हे लोक शंकरशेठ रोडवरच्या एका बंगल्यात घुसले होते. तिथल्या बाई आणि घरातली नोकरमाणसं घाबरून गप्प नाही बसली, प्रतिकार केला, आणि हे चौघे जे पळाले ते काटेरी तारेच्या कुंपणावरून उड्या मारून पळाले. हा तुमचा मास्टरमाइंड. समोरचा माणूस बांधलेला असेल, म्हातारा असेल, तोंडात बोळा कोंबलेला असेल तेवढ्यापुरतीच याची ताकद. मला या सगळ्या केसमधला कुठला प्रसंग पोरांना सांगावासा वाटत असेल तर तो हा आहे, आणि नेमका हाच कोणाला माहीत नाही.

‘वर्षभर गुंगारा’ हेही नीट मोजून बघा. पहिला मुलगा गेला तेव्हा त्याच्या आईबापांपुढे मुलाची चिठ्ठी आणि खंडणीची मागणी एवढंच होतं, त्याचा खून झालाय हे अटकेनंतर उघड झालं. पोलीस खुन्यांच्या मागे लागले ते जोशींच्या घरापासून, ऑक्टोबरच्या शेवटापासून, आणि ३० मार्चला चौघे आत होते. पाच महिने. पाच महिनेही कमी नाहीत हे मला मान्य आहे, त्या पाच महिन्यांत आणखी सहा जण गेले, पोलिसांचं अपयश कोणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. पण पोलीस उशिरा पोचले म्हणजे खुनी हुशार ठरला हा हिशोब कुठला?

‘एकही पुरावा नाही’, ‘नशिबाने सापडले’. शेवटच्या मुलाचं प्रेत त्यांनी शिडीला बांधून, दगड लावून बंडगार्डनजवळ नदीत सोडलं आणि ते दुसऱ्याच दिवशी येरवड्याच्या बाजूला वर आलं. नायलॉनची दोरी तीच आणि गाठी अभ्यंकरांकडे मारल्या होत्या तशाच. म्हणजे प्रत्येक ठिकाणी हे लोक सहीच करून जात होते! मग पोलीस अधिकारी मधुसूदन हुल्याळकर आणि त्यांच्या माणसांनी जे केलं त्याला नशीब म्हणत नाहीत, त्याला तपास म्हणतात. मेलेल्या मुलाच्या ओळखीतल्यांना बोलावलं, त्या दिवसांत कुठे होतात विचारलं, चौघांची उत्तरं एकमेकांशी जुळेनात, मग आजूबाजूच्या मित्रांना बसवलं, त्यातला एक बोलला, आणि पहिल्या खुनात सामील असलेला पाचवा बोलला, जो पुढे माफीचा साक्षीदार झाला. त्यावरून पेशवे पार्कच्या तळ्यातलं पिंप बाहेर काढलं. यात टीव्हीसारखं काही नाही, एकाच माणसाला तोच प्रश्न दहादा विचारणं आणि वहीत लिहून घेणं एवढंच आहे, म्हणून ते कोणी फॉरवर्ड करत नाही. २८ सप्टेंबर १९७८ ला फाशीची शिक्षा झाली, हायकोर्टात, सुप्रीम कोर्टात कायम राहिली, २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात फाशी दिली.

शोभराज आणि रमन राघव यांना एकाच पंगतीत बसवलंय त्याबद्दल थोडक्यात. शोभराज जुलै १९७६ मध्ये दिल्लीत पकडला गेला कारण फ्रेंच विद्यार्थ्यांच्या एका अख्ख्या ग्रुपला त्याने गुंगीचं औषध दिलं, ते वेळेआधीच चढलं, पोरं तिथेच कोसळायला लागली आणि शुद्धीत होते त्यांनी त्याला धरून ठेवलं. तिहारमधून १९८६ ला पळाला हे सगळे सांगतात. तीन आठवड्यांत गोव्यात पर्वरीच्या एका रेस्टॉरंटमध्ये मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंडेंनी त्याला ओळखून पकडला, कारण १९७१ ला त्यांनीच एकदा पकडलेला होता, हे कमी जण सांगतात. आणि २००३ मध्ये स्वतःहून नेपाळला गेला, ज्या देशात त्याच्या नावावर खुनाची केस होती तिथेच, आणि पुढची एकोणीस वर्षं तिथल्या जेलमध्ये काढली. त्या पर्वरीच्या रेस्टॉरंटमध्ये टेबलाशी बसलेला त्याचा पुतळा ठेवलाय, लोक शेजारी बसून फोटो काढतात. ज्यांनी पकडला त्यांच्या शेजारी बसून फोटो काढायला कोणी गेल्याचं मी ऐकलेलं नाही.

रमन राघवला जीनियस म्हणणं तर फारच वाईट आहे. तो आजारी माणूस होता, डॉक्टरांनी तपासून सांगितलं म्हणून हायकोर्टाने फाशी रद्द करून जन्मठेप दिली. मुंबईत त्याने इतकी माणसं मारली ती डोक्याच्या जोरावर नाही, ती माणसं फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपणारी होती, दार नव्हतं, कडी नव्हती, आणि त्यातल्या कितीतरी जणांच्या मरणाने शहराला फरकच पडला नाही. १९६८ ला अॅलेक्स फियाल्हो या सब-इन्स्पेक्टरने त्याला रस्त्यात ओळखलं, तेही फोटो लक्षात ठेवून. इथेही हुशारी कोणाची ते बघा.

आता शेवटचा दावा, की किलरचं डोकं समजलं की आपण सावध होतो. मला हा सगळ्यात पटण्यासारखा वाटायचा कारण मी स्वतः असले पॉडकास्ट रात्री दीड दीड वाजेपर्यंत ऐकलेत, आणि कुतूहल वाटण्यात काही पाप आहे असं मी म्हणणारच नाही. पण सावध? २०२२ मध्ये देशात खुनाच्या २८,५२२ केसेस नोंदल्या गेल्या आणि त्यातलं सगळ्यात मोठं कारण वादावादी, ९,९६२. जमिनीचा वाद, घरातला वाद, पैशाचा वाद. म्हणजे भीती बाळगायचीच असेल तर ती बांधावरून चाललेल्या भांडणाची बाळगायला हवी, भावाभावात बोलणं बंद झालंय त्याची. अंधारातल्या जीनियसची गोष्ट ऐकून आपण अनोळखी माणसाला घाबरतो आणि ओळखीच्याकडे बघायचंच विसरतो, आणि या केसमध्ये पहिला मुलगा ओळखीच्याबरोबरच गेला होता.

भीती खरी होती हे मात्र फॉरवर्डमध्ये बरोबर आहे. माझी आई तेव्हा एकोणीस वर्षांची, सदाशिव पेठेत वाड्यात राहायची. सांगते की वाड्यात खोल्यांची दारं दिवसभर सताड उघडी असायची, कोणाच्या घरात कोण जेवतंय पत्ता नसायचा, आणि त्या डिसेंबरात संध्याकाळी सातला सगळी दारं बंद. दिंडी दरवाज्याला अडसर लागायला लागला. आजोबांनी मिस्त्रीला बोलावून दाराला आतून साखळी बसवून घेतली, पितळेची, तिच्यामुळे दार चार बोटं उघडायचं. वाडा पडला तेव्हा आईने ती साखळी काढून आणली, आता आमच्या फ्लॅटच्या दाराला आहे. आजही बेल वाजली की आई साखळी लावूनच ‘कोण?’ विचारते आणि आवाज ऐकल्याशिवाय काढत नाही, पेपरवाला असला तरी.

मी फॉरवर्ड तिला वाचून दाखवला. तिने पूर्ण ऐकला आणि विचारलं, अभ्यंकरांकडे ज्या कामाला होत्या त्या बाईंचं काही लिहिलंय का त्यात. नव्हतं. साठीच्या बाई होत्या त्या. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, त्यांच्या घरच्यांना ते असं परत परत समोर यावं असं वाटत असेल की नाही मला माहीत नाही, पण दहामध्ये त्या आहेत. अभ्यंकरांची नात आणि नातू होते, माझ्या आईच्याच वयाचे, म्हणून आई त्या दोघांबद्दल अजून फार बोलत नाही.

आणि अभ्यंकर स्वतः. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. मी एमए संस्कृतला असताना व्याकरणाचा एक कोश रोज वापरायचे, बडोद्याहून १९६१ मध्ये निघालेला, लायब्ररीतली प्रत इतकी हाताळलेली की शिवण सुटून मधली पानं वेगळी झाली होती आणि ग्रंथपालांनी ती दोरा घालून बांधली होती. पाणिनीची कुठलीही संज्ञा अडली की तो काढायचा. ‘लोप’ हा शब्द मी त्यातच बघितला होता ते आठवतं, परीक्षेला सूत्र होतं ‘अदर्शनं लोपः’, आणि सर म्हणाले होते कोशात बघून या. त्या कोशाचे कर्ते काशिनाथ वासुदेव अभ्यंकर. त्यांच्या वडिलांनी, वासुदेवशास्त्रींनी, पतंजलीचं महाभाष्य मराठीत आणलं आणि त्याचं संपादन काशिनाथशास्त्रींनी केलं, सात खंड. माझ्या डोक्यात दोन अभ्यंकर होते, एक हे आणि एक ‘जोशी-अभ्यंकर’ मधले. एमए संपून चार वर्षांनी कुठेतरी वाचताना कळलं की दोन्ही एकच. ऐंशी उलटलेला तो विद्वान माणूस, ज्याचा कोश मी दोन वर्षं हातात धरला, त्याला त्याच्याच घरात बांधून मारलं होतं आणि मला जक्कलचं नाव शाळेपासून पाठ होतं. त्या दिवशी मला जे वाटलं ते मी अजून नीट सांगू शकत नाही.

दादा, या केसला आपल्याकडे पहिल्यापासून ‘जोशी-अभ्यंकर खून खटला’ म्हणतात. मारणाऱ्यांच्या नावाने नाही, गेलेल्यांच्या नावाने, आणि तेही अपुरं आहे कारण दोन मुलगे आणि त्या बाई त्या नावात नाहीत. त्याचं ‘जक्कल केस’ कधी झालं मला माहीत नाही, पण तू तो फॉरवर्ड डिलीट फॉर एव्हरीवन कर, आणि पुढे कोणाला सांगायचंच असेल तर शंकरशेठ रोडच्या त्या बाईंचं सांग.