विममधून बाहेर पडायच्या ‘५ सोप्या ट्रिक्स’ फॉरवर्ड करणं बंद करा

परवा रात्री साडेअकराला भाच्याचा फोन, "मामा, दोन तास बसून लिहिलेलं सगळं गेलं रे, सकाळी सरांना काय सांगू?" पोरगा चार महिन्यांपूर्वी लिनक्स सर्व्हर सांभाळायच्या नोकरीला लागलाय, पहिलीच नोकरी. नक्की काय केलंस म्हणून विचारलं तर त्याने एक मेसेज पाठवला, "विममध्ये अडकलात? ५ सोप्या ट्रिक्स". विम म्हणजे टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या विंडोत, चालणारा टेक्स्ट एडिटर. हाच मेसेज मला दोन ग्रुपवर येऊन गेला होता आणि मी न बोलता पुढे गेलो होतो. आता बोलतो.

मेसेजमध्ये म्हटलंय ते थोडक्यात असं: १) कंट्रोल झेड दाबलं की विम बंद होतं. २) कंट्रोल एसने सेव्ह करा, स्क्रीन हँग झाली तर सर्व्हर रिस्टार्ट मारा. ३) डॉट एसडब्ल्यूपी नावाची फाईल दिसली तर तो कचरा आहे, उडवा. ४) एच जे के एल या बटणांनी कर्सर हलवणं ही जुनाट भानगड आहे, कोणी वापरत नाही. ५) विम शिकण्यात वेळ घालवू नका, नॅनो हा साधा एडिटर वापरा.

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण खरं नुकसान तिथे झालं. ती डॉट एसडब्ल्यूपी फाईल म्हणजे स्वॅप फाईल, तुम्ही टाइप केलेल्या पण अजून सेव्ह न केलेल्या कामाची प्रत असते. विम साधारण दर २०० अक्षरांनी, किंवा तुम्ही ४ सेकंद हात थांबवलात की, ती ताजी करतं, म्हणजे लाइट गेली, नेट तुटलं, विंडो बंद झाली तरी जवळजवळ सगळं परत मिळतं. भाच्याने काय केलं, तर एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या कॉन्फिग फाईलमध्ये दोन साइट्सचे ब्लॉक लिहिले, एकदाही कोलन डब्ल्यू, म्हणजे सेव्ह, केलं नाही, कंट्रोल झेड दाबलं, विम बंद झालं असं समजून विंडो बंद केली. नंतर फाईल उघडली तर ई ३२५ हा ‘स्वॅप फाईल सापडली’ असा विमचा लांबलचक इशारा आला, आणि मेसेजमध्ये सांगितलंय म्हणून त्याने स्वॅप फाईल आरएम या डिलीटच्या कमांडने उडवली. तोपर्यंत त्याचे ते दोन तास त्या फाईलमध्ये सुखरूप पडलेले होते!

दुसरा पुरावा शोधायची गरजच नाही, तो इशारा शेवटपर्यंत वाचा. त्यात दोन शक्यता दिलेल्या असतात, एक तर ही फाईल दुसरं कोणी आत्ता एडिट करतंय किंवा मागच्या वेळी विम अर्ध्यात बंद पडलंय. स्वॅप कोणाची, कधीची, प्रोसेस नंबर काय हे सगळं लिहिलेलं असतं, आणि ती प्रोसेस चालू असेल तर शेजारी ‘स्टिल रनिंग’ असं येतं आणि खालच्या पर्यायांत डिलीट दिलेलंच नसतं. एकाच सर्व्हरवर तिघं जण काम करत असतील तर दुसऱ्याची स्वॅप उडवून त्याच फाईलवर आपलं काम सेव्ह करणं म्हणजे सहकाऱ्याच्या कामावर बोळा फिरवणं. प्रोसेस चालू नसेल तर आर दाबून रिकव्हर करायचं, आलेला मजकूर नीट बघायचा, सेव्ह करायचा, आणि त्यानंतर स्वॅप उडवायची. उडवायची असते एवढं मेसेजचं बरोबर आहे, पण शेवटी.

पहिला मुद्दा. कंट्रोल झेडने विम बंद होत नाही, फक्त थांबवून मागे ठेवलं जातं. खाली ‘स्टॉप्ड’ अशी ओळ येते ती त्याचीच. एफजी टाइप करून एंटर मारलं की जिथे होतात तिथे परत. बाहेर पडायचं तर आधी एस्केप, मग कोलन क्यू, बदल टाकून द्यायचे असतील तर कोलन क्यू आणि उद्गारचिन्ह, ठेवायचे असतील तर कोलन डब्ल्यू क्यू. बस, एवढंच आहे. आणि अडकलो म्हणून लाज वाटायचं कारण नाही, विममधून बाहेर कसं पडायचं हा स्टॅक ओव्हरफ्लोवरचा प्रश्न २०१७ मध्येच १० लाखांवेळा बघून झाला होता.

दुसऱ्या मुद्द्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. कंट्रोल एस म्हणजे टर्मिनलला "थांब, पुढचं दाखवू नकोस" असा सिग्नल, टेलिटाइपच्या, म्हणजे कागदावर छापणाऱ्या जुन्या टर्मिनलच्या, काळापासूनचा. शेलमध्ये, म्हणजे जिथे कमांड टाइप करता तिथे, हे हमखास होतं, जुन्या विममध्येही होतं. सर्व्हरला काहीही झालेलं नसतं, तुमची फक्त स्क्रीन थांबलेली असते, कंट्रोल क्यू दाबा, लगेच सुटते. त्यासाठी चालू सर्व्हर रिस्टार्ट करायला सांगताय? त्यावर लोकांची कामं चालू असतात, डेटाबेस लिहीत असतो! नव्या नॅनोमध्ये कंट्रोल एसने खरंच सेव्ह होतं, तिथून हे उचललं असेल, पण मग तसं लिहा ना.

एच जे के एल बद्दल एवढंच की बिल जॉयने १९७६ मध्ये विमचा पूर्वज व्हीआय लिहिलं तेव्हाच्या त्याच्या एडीएम-३ए टर्मिनलवर बाणच त्या चार बटणांवर छापलेले होते. आजही टर्मिनलचं सेटिंग गंडलेलं असलं की बाण दाबल्यावर ए बी सी डी अशी अक्षरं उमटतात, तेव्हा हीच चार कामाला येतात.

नॅनोचं म्हणाल तर मान्य, नवीन माणसाला ते सोपं आहे, खाली शॉर्टकट लिहिलेले असतात, तिथलं टोपीसारखं चिन्ह म्हणजे कंट्रोल एवढं कळलं की झालं. पण पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिम्सच्या मानकात व्हीआय आहे, नॅनो नाही, आणि छोट्या इन्स्टॉलवर किंवा बिघडलेली सिस्टिम दुरुस्त करायच्या रेस्क्यू मोडमध्ये बऱ्याचदा व्हीआयच हाताशी असतं. विमट्यूटर टाइप करा, अर्ध्या तासाचा धडा आहे, विमसोबतच येतो.

त्या रात्री भाच्याला फोनवरच एक रिकामी फाईल उघडायला लावली. दहा ओळी लिहायला सांगितल्या, सेव्ह न करता कंट्रोल झेड, विंडो बंद. परत लॉगिन करून फाईल उघडली, इशारा आला, या वेळी त्याने तो मला मोठ्याने वाचून दाखवला आणि आर दाबलं. दहाच्या दहा ओळी आल्या. साडेबारा वाजले होते, मग तो ते दोन ब्लॉक पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसला.