पट 32 वरून 27 झाला आणि 15,000 रुपये गेले

मागच्या वर्षी आमच्या झेडपी शाळेचा पट 32 होता, यंदा 27. दोन कुटुंबं ऊसतोडीला गेली ती तिकडंच राहिली, त्यांची चार लेकरं गेली, आणि एकाला घरच्यांनी इंग्लिश मीडियमला टाकलं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेच्या किरकोळ खर्चाला मिळणारं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं, 30 पर्यंत 10,000 आणि 31 ते 100 ला 25,000, म्हणजे पाच लेकरं गेली आणि वर्षाचे 15,000 गेले.

आता मला सांगा, पाच पोरं कमी झाली म्हणून लाईट बिल कमी येतं का, छत गळायचं थांबतं का? पहिली ते पाचवी वर्ग पाचच आहेत, खोल्या त्याच आहेत. 10,000 मधले 10 टक्के स्वच्छतेला जातात, राहिले 9,000, महिन्याला 750 रुपये, त्यातच बिल, खडू, हजेरी, झेरॉक्स, नळाची तोटी, सगळं. गावाने लोकवर्गणी काढून टीव्ही घेऊन दिला होता, पण बिल थकलं, लाईट कापली आणि तीन महिने तो नुसता भिंतीवर होता, शेवटी आम्ही दोघा शिक्षकांनी खिशातून भरलं. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही, बहुतेक शाळांत हेच चालतं आणि म्हणूनच वर कुणाला काही कमी पडतंय असं दिसत नाही.

शिक्षकांचंही तसंच. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला 60 पटापर्यंत दोन शिक्षक, कागदावर 27 ला दोन म्हणजे चैन वाटते. पण एकजण बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या कामाला नाहीतर ट्रेनिंगला गेला की दुसऱ्याकडे पाच वर्ग. पहिलीतली एक पोरगी आत्ता कुठे काना मात्रा लावून वाचायला लागलीय, तिच्याजवळ सलग दहा मिनिटं बसता येत नाही याचा मला खरंच त्रास होतो.

त्यात संचमान्यतेला, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरवताना, आधार व्हॅलिड असलेलीच, म्हणजे आधारची माहिती शाळेच्या नोंदीशी जुळलेलीच मुलं धरतात. 15 मार्च 2024 च्या जीआरने निकष आणखी कडक केलेत, त्यामुळे छोट्या शाळांत एकेक नाव म्हणजे जीव की प्राण.

माझं म्हणणं एवढंच आहे की शाळा चालवायला जो कमीत कमी खर्च लागतो तो पट न बघता प्रत्येक शाळेला द्या, जूनमध्येच द्या, आणि त्याच्या वर मग मुलांमागे काय द्यायचं ते द्या. मार्चमध्ये पैसे टाकून 31 तारखेच्या आत खर्च दाखवा म्हणू नका.

सध्या आमच्या 27 मधल्या दोघांचं आधार मिसमॅच आहे, आडनावात एका अक्षराचा फरक. दोघंही रोज पहिल्या ओळीत बसतात. उद्या त्यांच्या आयांना घेऊन तालुक्याला आधार सेंटरवर जायचंय, म्हणजे उद्याही शाळेत एकच शिक्षक.