काळीज एकच, मग आकडे दोन कसे?

दादा, नमस्कार. व्यायाम थांबवल्यावर पहिल्या मिनिटात नाडी १२ ठोक्यांहून जास्त उतरली पाहिजे, असं मी मागच्या लेखात लिहिलं. त्यावर तुम्ही परभणीहून कळवलंत की १६०० मीटर पळाल्यावर तुमची नाडी १७८ वरून १४६ वर आली, पण शंभर बैठकांनंतर १५२ वरून जेमतेम १३७ वर. ‘काळीज एकच, मग आकडे दोन कसे? पळून झाल्यावर चालत राहा म्हणता, पण आमची भरतीची पोरं मैदानात सरळ आडवी पडतात, त्यांना काही होत नाही.’

आकड्याबाबत चूक माझीच. १२ हा आकडा अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९९९ साली मांडला. त्यांनी माणसांना ट्रेडमिलवर दमवलं आणि एकदम न थांबवता हळू चालतं ठेवून पहिल्या मिनिटातली घट मोजली. ज्यांची नाडी १२ किंवा त्याहून कमी उतरली, त्यांच्यात पुढच्या सहा वर्षांत मृत्यू जास्त झाले. लगेच आडवं करून मोजायचं असेल तर १८ ची मर्यादा वापरलेली आहे. बैठकांशी या आकड्याचा संबंधच नाही, आणि मी तो सगळ्यांना सरसकट लावून टाकला.

आता तुमचे दोन आकडे. ठोक्यांवर लगाम असतो व्हेगस नावाच्या नसेचा. व्यायामात तो सैल सुटतो, थांबलं की आधी तोच ओढला जातो आणि नाडी झपकन उतरते. बैठकांत मांड्या पेटतात ना, तिथं साचलेले पदार्थ काम थांबल्यावरही मेंदूला कळवत राहतात, म्हणून लगाम उशिरा बसतो. त्यात १७८ वरून उतरायला जागाही जास्त. तुमचं काळीज दोन्ही वेळेला ठीकच वागलं.

रक्तदाबाचं तर आणखी वेगळं. जड वजन दम कोंडून रेटलं की दाब भलताच चढतो. १९८५ साली धमनीत नळी घालून मोजलं, तेव्हा पायांनी वजन रेटताना सरासरी ३२०/२५० भरला होता! वजन खाली ठेवलं की काही सेकंदांत उतरतो. पळाल्यावर मात्र रक्तवाहिन्या सैलच राहतात आणि दाब पुढचे काही तास नेहमीपेक्षा कमी असू शकतो. बीपीची गोळी चालू असलेल्यांनी पळून आल्यावर बसल्या जागेवरून सावकाश उठावं, ते यासाठी.

आडव्या पडणाऱ्या पोरांचं तुमचं निरीक्षण बरोबर आहे. आडवं पडलं की रक्त पायांत साचत नाही. घात होतो तो जागच्या जागी उभं राहिल्यावर. पळताना पोटऱ्या रक्त वर ढकलत असतात. त्या एकदम थांबल्या की काळजाकडे रक्त कमी येतं, मेंदूला पुरत नाही. मे महिन्यात आमच्या मैदानावर एक पोरगा शेवटची फेरी मारून गोलपोस्टला टेकून उभा राहिला. ओठ पांढरे पडले, कपाळावर गार घाम, आणि खांबाला घासतच खाली आला. त्याचे पाय उचलून माझ्या पिशवीवर ठेवले. मिनिटभरात डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं, तर ‘सर, टाईम किती झाला?’

उन्हाळ्यात तर जास्तच जपायचं. अंग गार करायला रक्त कातडीकडे जातं, घामानं ते कमीही होतं, म्हणून नाडी उशिरा उतरते.

तेव्हा नाडी मोजायची ती पहाटेच, पळून झाल्यावर हळू चालताना, दर वेळी तशीच. बैठकांचे आकडे वेगळ्या पानावर लिहा. पंधरा दिवसांनी दोन्ही इथंच टाका, मी वाट बघतो. आणि मागचा लेख आज दुरुस्त करतो.