माशीच्या अंड्यावरून सुनेला दोष देऊ नका

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय: ‘1995 च्या नोबेल संशोधनानं सिद्ध केलंय, गर्भ फक्त आईची जनुकं घडवतात. गर्भपात झाला तर दोष आईचाच. लग्नाआधी मुलीची जनुकीय तपासणी करा.’ नुकताच गर्भ गमावलेली एखादी बाईही त्याच ग्रुपवर असेल, याचा विचार पुढे पाठवणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

‘फक्त आईची जनुकं.’ साफ चूक. ते नोबेल क्रिस्टियान न्यूसलाइन-फोलहार्ड, एरिक वीशाउस आणि एडवर्ड लुईस यांना फळमाशीवरच्या कामासाठी मिळालं. जांभळी नाक्यावर पिकल्या केळ्यांभोवती घोंघावतात ना, तीच चिलटं. पहिल्या दोघांनी रसायन देऊन नरांच्या जनुकांत बिघाड केले, पिढ्या वाढवल्या आणि कोणते गर्भ बिघडतात ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. 1980 साली त्यांनी मांडलेल्या 15 जनुकांपैकी बहुतेक गर्भाची स्वतःची होती, म्हणजे आईबाप दोघांकडून आलेली.

आईची जी जनुकं अंड्यातून गर्भावर परिणाम करतात, त्यांचा शोध घ्यायला एक पिढी जास्त वाढवावी लागते. ‘बायकॉइड’चंच पाहा. माशी अंड्याच्या एका टोकाला या जनुकाचा आरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्याचा संदेश, साठवते. त्याचं प्रथिन जिथे दाट, तिकडे डोकं तयार होतं. जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. दोन्ही प्रती बिघडलेली माशी स्वतः धडधाकट असते, कारण तिचं अंडं भरताना तिच्या आईकडे एक चांगली प्रत होती. बिघाड दिसतो पुढच्या पिढीत: तिच्या गर्भांना डोकं आणि छाती येतच नाही, नर कितीही निरोगी असो.

‘दोष आईचाच.’ त्या माशीच्या दोन बिघडलेल्या प्रतींपैकी एक तिला बापाकडून मिळालेली असते! आणि मुळात बायकॉइड माणसात नाहीच. मानवी गर्भाची स्वतःची जनुकं साधारण तिसऱ्या दिवशी जोमानं कामाला लागतात. माणसातही आईच्या जनुकांचा असा परिणाम आहे, हे खरं. आईच्या एनएलआरपी7 या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर वारंवार द्राक्षगर्भ होतो, म्हणजे गर्भाऐवजी द्राक्षांच्या घडासारखी वाढ होते. पण असं फार क्वचित घडतं. पहिल्या तीन महिन्यांतले निम्म्याच्या आसपास गर्भपात गर्भातल्या गुणसूत्रांची संख्या चुकल्यानं होतात. त्यात बाईनं काय खाल्लं, काय उचललं, मनात काय आणलं, याचा काही संबंध नसतो.

‘मुलीची तपासणी.’ मग मुलाची का नको? थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराची वाहक तपासणी (एक प्रत बिघडलेली आहे का, हे पाहणारी) लग्नाआधी जरूर करावी, पण दोघांची. दोघंही वाहक असतील तरच प्रत्येक गरोदरपणात बाळाला गंभीर आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते.