‘नवा रेडिएटर खराब निघाला’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

एक तारा देऊन तुम्ही लिहिलंय की रेडिएटर घरी स्वतः बसवला, तिसऱ्या दिवशी गोव्याहून येताना चोर्ला घाटाच्या चढाला तापमानाचा काटा लालवर गेला, आणि परत द्यायला आलात तर काउंटरवरच्या पोरानं ‘बसवलेला माल घेत नाही’ म्हणून तोडून टाकलं.

आधी त्या बोलण्याबद्दल. नियम आमचा आहेच, पण जांबोटीकडून बसनं एवढं ओझं घेऊन आलेल्या माणसाचं म्हणणं तरी ऐकून घ्यायला हवं होतं. मी त्या दिवशी दुकानात नव्हतो. तरी चूक माझीच, माफ करा.

तुम्ही रागानं ठेवून गेलेला रेडिएटर आम्ही तोंडं बंद करून पाण्यात बुडवला, १ बार हवा भरून अर्धा तास ठेवला. एक बुडबुडा आला नाही. माल चांगला आहे.

मग गाडी का तापली? तुम्हीच लिहिलंय, जुनं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, ५ लिटर निघालं आणि नवं साडेतीनच बसलं. उरलेल्या दीड लिटरच्या जागी हवा अडकली होती. घाटात हीटर लावला तर गार वारा आला म्हणता, तीही त्याचीच खूण. गरम पाणी हीटरपर्यंत पोचतच नव्हतं.

घरी बसवलात म्हणून बिघडलं असं मी म्हणणार नाही. फोटोत होज (रबरी नळ्या) आणि क्लिपा बघितल्या, काम नीट आहे. राहिलं ते फक्त एअर काढणं. इंजिन पूर्ण गार असताना गाडीचं तोंड थोडं चढाला करायचं, रेडिएटरची कॅप उघडी ठेवून स्टार्ट करायची, हीटर पूर्ण गरमवर. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडं पाणी सोडणारी झडप) उघडला की वरचा होज तापतो, बुडबुडे येतात आणि पातळी खाली जाते. तेवढं कूलंट घालत राहायचं, बुडबुडे थांबले की कॅप लावायची. हे माल देतानाच सांगायला हवं होतं. डब्यातला कागद नुसता इंग्रजीत असतो. आता मराठीत आणि कन्नडात चिठ्ठी छापून प्रत्येक डब्यात घालतोय.

एका गोष्टीनं मात्र मला धडकी भरली. घाटात गाडी थांबवून तुम्ही लगेच कॅप उघडायला गेलात. कॅपच्या दाबामुळं आतलं पाणी १०० अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. दाब सुटला की ते वाफ होऊन सरळ तोंडावर येतं. पुन्हा असं करू नका, तासभर थांबा.

आणि जुनं कूलंट गोठ्यामागं ओतलंय म्हणता, तिथं आजच माती टाकून झाका. ते चवीला गोड असतं, कुत्री-वासरं चाटतात, आणि ते विष आहे.

गाडी अंगणातच असू द्या. आमचा मेकॅनिक रेडिएटर घेऊन येईल, बसवून एअर काढून देईल, कूलंट आमच्याकडून. गाडी तापली असल्यानं हेड गॅस्केटही, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सीलही, तपासेल. गॅस्केट गेलं असेल तर त्या पार्टचे पैसे तुम्हाला द्यावे लागतील, मजुरी घेणार नाही. बिलावरच्या नंबरवर दिवस कळवा.