गोऱ्ह्याचा रकाना

21व्या पशुगणनेसाठी प्रगणक आमच्या गोठ्यावर आला तेव्हा मी धार काढून उठत होतो. पोरगा चांगला होता. मोबाईलवर एकेक विचारत गेला. गाई किती? चार. जात? एचएफ संकरित, म्हणजे होल्स्टीन या विदेशी दुधाळ जातीच्या रक्ताच्या. कालवडी? दोन. नर? "एकबी नाही," आईनेच सांगितलं. त्याने शून्य टाकलं आणि पुढच्या वस्तीवर गेला.

त्याच्या आदल्या वर्षभरात आमच्याकडे दोन गोऱ्हे, म्हणजे नर वासरं, जन्मले होते. त्यांना त्या मोबाईलमध्ये जागा नव्हती आणि त्यात पोराची काही चूक नाही. गणना दावणीला असलेल्या जनावरांची होते. कत्तलीचा आकडा कत्तलखान्यात गेलेल्या जनावरांवरून निघतो. दोन्हींच्या मधे जे संपतं, ते कुठल्याच वहीत नसतं. आज त्याबद्दल लिहायचं आहे.

आधी कागदावरचं. 2023-24 मध्ये देशात सुमारे 102.5 लाख टन मांस तयार झालं, 2014-15 मध्ये ते 67 लाख टनांच्या आसपास होतं. ही वाढ मुख्यतः कोंबडीची. जवळपास निम्मं मांस कोंबडीचंच आहे. म्हैसवर्गाचा वाटा 18 टक्के, शेळीचा साडेपंधरा, आणि गोवंशाचा जेमतेम 2.6 टक्के. हा शेवटचा आकडा दाखवून लोक म्हणतात, बघा, हत्याबंदीने गोवंश वाचला.

वाचला असता तर तो दिसला असता. 2019च्या 20व्या पशुगणनेत देशातल्या गाई 18 टक्क्यांनी वाढल्या आणि गोवंशातले नर 30 टक्क्यांनी घटले. 2012 मध्ये पावणेसात कोटींवर असलेले नर पावणेपाच कोटींच्या आत आले. सात वर्षांत दोन कोटी नर कमी! गायीच्या पोटी नर-मादी निम्मे-निम्मेच येतात. मग हे नर गेले कुठे?

बैल ट्रॅक्टरने घालवला हे खरंच आहे, घट 2012च्या गणनेतही होतीच. म्हणून सगळं खापर मी महाराष्ट्राच्या 2015च्या गोवंश हत्याबंदी कायद्यावर फोडणार नाही. उलट रेड्यांकडे बघा. रेड्याच्या कत्तलीला आपल्या राज्यात बंदी नाही, तरी 2019 मध्ये देशभरातले रेडे 42 टक्क्यांनी घटले. म्हणजे काम संपलं की नर संपतो, कायदा असो वा नसो. फरक एवढाच की रेडकाला बाजार आहे. त्याचे चार पैसे येतात म्हणून कुणीतरी त्याला वाढवतो, पोटभर घालतो. गोऱ्ह्याला गिऱ्हाईकच नाही. त्याला पाजलेला प्रत्येक लिटर हा संकलन केंद्रावर न गेलेला लिटर असतो.

हिशोब मांडतो. एचएफच्या गोऱ्ह्याला दिवसाला चार लिटर दूध लागतं. तीस रुपयांनी 120 रुपये. दोन महिन्यांचे सात हजार दोनशे. पुढे चारा, पेंड, औषध. आणि वर्षानंतर हातात काय? संकरित गोऱ्ह्याला वशिंड नीट नसतं, उन्हात तो धापा टाकतो, औताला कुणी जुंपत नाही.

आमचा पहिला गोऱ्हा अकराव्या दिवशी मेला. त्याला आम्ही मारलं नाही, पण पुरेसं पाजलंही नाही. चीक पाजला, नंतर एक सड, नंतर पाणी घातलेलं दूध. शेवटच्या दोन दिवसांत तो उठत नव्हता, नुसती मान वळवून गायीकडे बघायचा. गाय हंबरायची. आई घरातून बाहेर आलीच नाही. ती रोज गायीच्या पाया पडून मग चहा घेते. दुसरा गोऱ्हा रात्री टेम्पोतून गेला. नेणाऱ्याने एक रुपया दिला नाही, मी मागितलाही नाही, आणि कुठे नेतोस हेही विचारलं नाही. हे लिहिताना लाज वाटते. पण आमच्या पट्ट्यात दुधाच्या धंद्यातल्या बहुतेक घरांत असंच काहीतरी झालेलं आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही.

माझ्या आजोबांच्या वेळी असं नव्हतं. 1976च्या कायद्याने गायीच्या कत्तलीला बंदी होती, पण कामाला आणि पैदाशीला निकामी झालेल्या बैलाला कत्तलीचा दाखला मिळायचा. आमचा हरण्या बारा वर्षं राबून थकला तेव्हा 2011 साली काष्टीच्या बाजारात गेला. हेड्याने, म्हणजे जनावरांच्या दलालाने, रुमालाखाली आजोबांची बोटं दाबली, सोळा हजारांवर सौदा तुटला. आजोबा कासरा देऊन परतले आणि दोन दिवस जेवले नाहीत. पण त्याच पैशात भर घालून नवीन खोंड आलं. म्हाताऱ्या बैलाच्या पैशांवर तरणा बैल दावणीला यायचा. मार्च 2015 मध्ये, विधिमंडळाने 1995 साली मंजूर केलेल्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती आली, बैल-वळूही बंदीत आले आणि हा साखळीतला दुवाच निखळला. 2025च्या पावसाळ्यात कुरेशी समाजाने जनावरांची खरेदी थांबवली तेव्हा बाजार कसे ओस पडले, भाकड जनावरं घेऊन आलेले शेतकरी कसे तशीच परत घेऊन गेले, हे आपण सगळ्यांनी पाहिलं.

गोशाळेत द्या, असं सांगणाऱ्यांना माझं हात जोडून एकच म्हणणं आहे. 2024 मध्ये सरकारने देशी गाईला राज्यमाता म्हटलं आणि गोशाळांना देशी गाईमागे दिवसाला 50 रुपये ठरवले. चांगलं केलं. पण आमचा गोऱ्हा देशीही नाही आणि गायही नाही. आणि मोठ्या जनावराला पंधरा-वीस किलो ओला चारा लागतो, तो 50 रुपयांत कसा बसवायचा?

म्हणून माझं मत सरळ आहे. थकलेल्या बैलासाठी आणि संकरित नरासाठी पशुवैद्यकाच्या तपासणीची, दाखल्याची जुनी व्यवस्था परत आणा. वाहतूक दिवसाढवळ्या, पावतीवर होऊ द्या. आणि पशुगणनेत दोन प्रश्न वाढवा: वर्षात किती वासरं जन्मली, आणि त्यातली किती आज नाहीत. त्यांचे आकडे छापून आले की मग कायद्यावर काय बोलायचं ते बोलू. माझ्या आईसारख्या श्रद्धाळू माणसालाही ते आकडे बघायचा हक्क आहे.

कृत्रिम रेतनाच्या ज्या कांडीने दहात नऊ कालवडी होतात, ती आता मिळते. आमच्या थोरल्या गाईला दोनदा भरली, दोन्ही वेळा उलटली, गाभ राहिली नाही. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी साधी कांडी भरली आणि ती राहिली. पुढच्या महिन्यात वेत आहे. आई रोज संध्याकाळी तिच्या पाठीवरून हात फिरवते आणि म्हणते, कालवडच दे गं बाई.