त्रोदोस ज्वालामुखी नव्हे

‘सायप्रसचा त्रोदोस म्हणजे विझलेला ज्वालामुखी, लाव्ह्याबरोबर तांबं वर आलं, तांब्यावरून बेटाचं नाव पडलं, आणि शिखरावरचा ऑलिंपस तो ग्रीक देवराज झ्यूसचाच.’ हा मजकूर बराच फिरतो आहे. चारही विधानं चुकीची आहेत.

१,९५२ मीटरच्या शिखरावर विवर नाही, लाव्हाही नाही. तिथे आहे हार्झबर्गाइट, म्हणजे भूकवचाच्याही खालचा, प्रावरणातला खडक. उतरू लागलं की आधी गॅब्रो, म्हणजे खोलवर सावकाश थिजलेला खडक, मग एकमेकांना चिकटून उभे डाइक, म्हणजे भेगांत थिजलेल्या शिलारसाच्या भिंती, आणि पायथ्याच्या टेकड्यांत गिरदी लाव्हा (पिलो लाव्हा). सगळ्यांत खोलचा खडक सगळ्यांत उंचावर! हा टेथिस या लुप्त महासागराचा सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीचा तळ आहे. लाव्हा आहे तो पाण्याखाली थिजलेला, उशांची रास घातल्यासारखा. सह्याद्रीसारखे जमिनीवर पसरलेले आडवे थर इथे शोधू नयेत. डोंगर उचलला गेला तो उद्रेकाने नाही. आफ्रिकेचा भूपट्ट बेटाखाली सरकतो आहे, शिवाय प्रावरणाच्या खडकात पाणी मुरून त्याचा सर्पेंटाइन हा वेगळाच खडक झाला. तो फुगला, हलका झाला आणि घुमटासारखा वर आला. माथ्यावरचे थर झिजून गेले.

तांब्याचं काम पाण्याने केलं. भेगांतून खोल गेलेलं समुद्राचं पाणी साडेतीनशे अंश सेल्सियसच्या आसपास तापलं, खडकातलं तांबं विरघळवून वर समुद्रतळाशी परतलं आणि थंड पाणी लागताच सल्फाइडं, म्हणजे धातू आणि गंधकाची संयुगं, साचली. म्हणून स्कुरियोतिसा, माव्रोवुनी या खाणी गिरदी लाव्ह्याच्या पट्ट्यात आहेत. माथ्याकडे निघालं ते क्रोमाइट आणि ॲस्बेस्टॉस.

हे खनिज नुसतं वितळवून भागत नाही. चॅल्कोपायराइट या तांब्याच्या खनिजात लोह आणि गंधकही असतं. आधी भाजून गंधक उडवायचं. भाजणी कच्ची राहिली तर भट्टीतून तांब्याऐवजी गंधकमिश्रित ठिसूळ गोळा निघतो. मग लोणारी कोळशासोबत वाळू, म्हणजे लोह मळीत, भट्टीतून निघणाऱ्या टाकाऊ रसात, जातं. मळी नीट पातळ झाली नाही तर तांब्याचे थेंब तिच्यातच अडकतात. बेटावर प्राचीन मळी सुमारे ४० लाख टन असल्याचा अंदाज आहे. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ इ.स.पू. चौदाव्या शतकाच्या अखेरीस बुडालेल्या उलुबुरुन जहाजात सुमारे १० टन तांबं होतं. त्यातल्या शिशाच्या समस्थानिकांवरून, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून, ते सायप्रसचं ठरलं.

नावाचा प्रवास उलटा आहे. रोमन लोक म्हणत ‘ऐस सिप्रियुम’, सायप्रसचा धातू. त्यातून ‘कुप्रुम’, पुढे कॉपर. ग्रीकमध्ये तांब्याला खाल्कोस म्हणतात, त्यातून कीप्रोस हे बेटाचं ग्रीक नाव निघणार कसं? आणि ते नाव प्राचीन ग्रीक कवी होमरच्या काव्यातही आहे.

झ्यूसचा ऑलिंपस ग्रीसच्या मुख्यभूमीवर, २,९१७ मीटरचा. ग्रीक जगात ऑलिंपस नावाचे डोंगर बरेच होते.